सदरचा मजकूर खरा व बरोबर आहे

हौसराव कोळपे यांनी सदुसष्टाव्या वर्षी कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा शिरूरच्या त्यांच्या सोसायटीत एकाही माणसाने त्यांना 'का' असं विचारलं नाही. सगळ्यांनी 'कशावर' असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आपापला विषय देऊन टाकला. शेजारचे खंडूआप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. ते म्हणाले, "पहिल्या पानावर मुडदा टाका." वरच्या मजल्यावरच्या सविताबाई म्हणाल्या, "सासू टाका." पत्नी सुषमाताई म्हणाल्या, "आधी माळ्यावरचे जुने कागद टाका, मग काय लिहायचं ते लिहा."

हौसरावांनी यातलं काहीच टाकलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी दौंड तालुक्यात तलाठ्याची नोकरी केली होती. त्या काळात त्यांनी लिहिलेला प्रत्येक कागद कुणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचला होता. निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत त्यांचं अक्षर फक्त दूधवाल्याच्या कॅलेंडरवर उमटत होतं. माणसाला याचं वाईट वाटू शकतं. हौसरावांना वाटलं.

अडचण आली ती शैलीची. नायिका गोदावरी शेतात उभी राहिली, की तिच्या चारही बाजूंना काय आहे हे नोंदवल्याशिवाय ती जागची हलेना. तिचं वय 'अंदाजे एकोणीस' असं पडलं. तिचे डोळे 'समक्ष पाहता काळे आढळून आले'. जमिनीचा गट नंबर मनाने घालून पाहिला, तर हौसरावांनी तो लगेच खोडून टाकला, कारण खोटी नोंद ती खोटी नोंद. शेवटी त्यांनी नोकरीत पाठ झालेला एक खराखुरा गट घातला. पिंपळटेक गावचा, गट नंबर दोनशे चौदा. पिंपळटेक म्हणजे मांडवगण फराट्यावरून भीमा ओलांडली की पलीकडे लागणारं गाव. तिथे ते सहा वर्षं तलाठी होते.

कथा अशी होती. विधवा गोदावरीचा शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता एक बडा शेतकरी अडवतो. मग गावात नवा तलाठी येतो. जयसिंग त्याचं नाव. उंची पाच फूट अकरा इंच. तो वैशाखाच्या उन्हात तीन कोस पायी फिरतो, बांध न् बांध बघतो, कुणाच्या दडपणाला भीक घालत नाही आणि खरा पंचनामा करून गोदावरीला रस्ता मिळवून देतो. पुढे प्रेमही होतं, पण ते कार्यालयीन वेळेनंतर. हौसरावांची स्वतःची उंची पाच फूट तीन इंच होती, हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं.

कादंबरीचं नाव 'पूर्वेस ओढा, पश्चिमेस आठवण'. छपाई शिरूरातच झाली. छापखानेवाल्याने विचारलं, "आबा, सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' असं टाकू ना? सगळे टाकतात."

"दीड वर्ष खपलो मी," हौसराव दुखावून म्हणाले, "आणि आता काल्पनिक म्हणू?"

ती ओळ गेली. पण शेवटचं पान अर्धं कोरं राहत होतं. महसूल खात्यात कोरी जागा सोडणं म्हणजे घराचं दार उघडं टाकून गावाला जाणं. कोण येऊन काय लिहील, सांगता येत नाही. हौसरावांनी बसल्याजागी कागद ओढला आणि हाताला येईल ते लिहून दिलं. तेच छापलं गेलं:

'सदरचा मजकूर वाचून पाहिला, तो खरा व बरोबर आहे. सही/- हौसराव कोळपे, तलाठी (निवृत्त).'

प्रकाशन सोसायटीच्या गणपतीच्या हॉलमध्ये झालं. खंडूआप्पांनी भाषणात "मुडदा असता तर अजून बहार आली असती" असं सांगितलं. महिन्याभरात सोसायटीतल्या प्रत्येक घरात एक प्रत पोचली आणि एकाही घरात ती उघडली गेली नाही. सविताबाईंकडे ती मिक्सरखाली होती. उरलेल्या प्रती हौसरावांच्या पलंगाखाली गेल्या.

एक प्रत मात्र त्यांनी स्वतः पोस्टात जाऊन पिंपळटेकच्या ग्रामपंचायत वाचनालयाला पाठवली. आपण गावाचं ऋण फेडतो आहोत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्या गावाने तो जयसिंग वाचावा आणि मनात म्हणावं, की आपले भाऊसाहेब असेच होते. तलाठ्याला त्या भागात भाऊसाहेब म्हणतात.

गावाने वाचलं. तिथूनच पुढची सगळी फजिती सुरू झाली.

*

एका रविवारी सकाळी दारात दोन बायका उभ्या राहिल्या. एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी आणि तिच्या मागे काठी टेकत आलेली तिची आजी. मुलीच्या हातात कादंबरी होती, आणि कादंबरीत जागोजागी एसटीची तिकिटं खुणेला घातलेली होती. वाचक. खरा, चालत आलेला वाचक. त्यांनी गंजिफ्रॉकावर सदरा चढवला, चहा सांगितला आणि सहीसाठी पेन काढून टोपण उघडून ठेवलं.

"मी मोनिका. पिंपळटेकची," मुलगी म्हणाली. "वाचनालयात अभ्यासाला बसती. स्पर्धा परीक्षेचा. तिथं ह्ये सापडलं."

"आवडली का?"

"पान एकशे सत्तेचाळीस," मोनिका म्हणाली आणि वाचायलाच लागली. "'गट नंबर दोनशे चौदाच्या उत्तर बांधाने गाडीवाटेचा वहिवाटीचा रस्ता असून त्याची रुंदी अंदाजे आठ फूट, मध्यावर लिंबाचे जुने झाड, व झाडापासून पूर्वेस ओढा आहे.' आबा, ह्यो आमचाच रस्ता हाय ना? मल्हारतात्यांनी नांगरून ऊस लावला, त्यो?"

हौसरावांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"कादंबरी ही कल्पना असते, बाळ."

मोनिकाने शेवटचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "मग ह्ये काय?"

सही त्यांचीच होती. सुषमाताई चहा घेऊन आल्या आणि ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. इतका वेळ गप्प असलेली आजी अनसाबाई आता पुढे वाकली. तिने हौसरावांकडे पाहिलं नाही, त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"पाय बरा हाय का आता, भाऊसाहेब?"

हा प्रश्न सुषमाताईंना लगेच कळला नाही. हौसरावांना कळला. बावीस वर्षांपूर्वी अनसाबाईचा नवरा गेणबा याने रस्ता अडवल्याचा अर्ज दिला होता. वरून आदेश आला: तलाठ्याने समक्ष जागेवर जाऊन पंचनामा करावा. हौसराव गेले. पायात नव्या कोऱ्या चपला होत्या, आणि गावाच्या वेशीपर्यंत पोचेतो डाव्या पायाला हा मोठा फोड आला. शेत तिथून दीड किलोमीटर. ऊन बेचाळीस अंश. मल्हारच्या घराचा ओटा समोरच होता, ओट्यावर सावली होती. हौसराव बसले. त्यांनी पाच पंचांच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या. पद्धतच ती होती, मजकूर मागाहून लिहायचा. मागाहून त्यांनी लिहिलं: 'समक्ष फिरून पाहणी केली. रस्ता आढळून आला नाही.' त्यात खोटं फारसं नव्हतं. ओट्यावरून रस्ता खरंच आढळत नव्हता.

पुढच्या वर्षी पीकपाहणीला ते त्या बांधावर गेले, तेव्हा रस्ता आढळला. चाकोऱ्या आढळल्या, लिंब आढळला. पण अर्ज तोवर निकाली निघाला होता, आणि निकाली निघालेली फाईल उघडणं म्हणजे झोपलेल्या साहेबाला उठवणं. त्यांनी ती उघडली नाही. वीस वर्षांनी कादंबरी उघडली.

आणि त्या दिवशी ओट्यावर बसलेले असताना कुणीतरी फोडाला लावायला वाटीत हळद-तेल आणून दिलं होतं, एवढं त्यांनी तेव्हा घरी सांगितलंही होतं. कुणी दिलं, हे हौसराव विसरले होते. विसरायचं ठरवून विसरले होते.

"बरा आहे," हौसराव म्हणाले.

"तवापास्नं आमी ओढ्यातनं जातो," अनसाबाई सांगायला लागली. आवाजात राग नव्हता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. "दुधाच्या किटल्या डोक्यावर. मी दोनदा पडले. पावसाळ्यात तर शेत तिकडं आन् आमी हिकडं. पोरीनं आता नव्यानं अर्ज दिलाय. तुमी निस्तं येऊन सांगा, पुस्तकात लिवलंय त्ये खरं हाय म्हनून."

"पाहतो," हौसराव म्हणाले. सरकारी नोकरीत हा शब्द फार उपयोगी पडतो.

त्या गेल्यावर सुषमाताईंनी एवढंच विचारलं, "हळद-तेल तिनेच दिलं होतं?" आणि गार झालेला चहा मोरीत ओतला.

*

आठ दिवसांनी मोनिकाच्या अर्जावर साक्षीसाठी तहसील कचेरीचं समन्स आलं. ते घेताना हौसराव नेमके खाली गेटाशी होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते सगळ्या सोसायटीचं झालं.

खंडूआप्पा तर हरखूनच गेले. "पहिलंच पुस्तक आणि थेट समन्स! हौसराव, तुम्ही मोठे लेखक निघालात. बंदी येऊ द्या, बघा कसा खप वाढतो!"

सविताबाईंनी मिक्सरखालचं पुस्तक काढलं आणि बंदी येण्यासारखं पान नेमकं कुठलं, ते शोधायला रात्रीचा दिवस केला. तीन दिवसांत सोसायटीतल्या अठराही घरांनी कादंबरी वाचून काढली. जिन्यात हौसराव दिसले की लोक त्यांच्याकडे आदराने आणि थोडं निराश होऊन बघत.

सल्ले आले. खंडूआप्पांचा असा: "सरळ सांगा, सगळं मनाने रचलंय. लेखकाला कोण काय करणार? पंचनामा खोटा म्हणालात तर मात्र पेन्शनीवर येईल हो." सविताबाईंचा असा: "चक्कर आल्यासारखं करा. वय आहे तुमचं, शोभेल." शिक्रापूरला कारखान्यात असलेल्या मुलाचा, रोहनचा फोन आला, "बाबा, मेडिकल सर्टिफिकेट टाकून डेट घ्या. तोवर मॅटर सेटल होतंय."

हौसरावांना सगळेच सल्ले पटले. 'कल्पना' हा शब्द त्यांनी आरशासमोर चार-पाच वेळा म्हणून पाहिला. चांगला जमत होता.

*

सुनावणीच्या दिवशी ते न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून तालुक्याच्या कचेरीत पोचले. याच कचेरीत चौतीस वर्षं ते टेबलाच्या आतल्या बाजूला उभे राहिले होते. बाहेरची बाजू त्यांना नवीन होती. बाहेरच्या बाजूला पंखा लागत नाही, हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं.

कारकुनाचा पहिलाच प्रश्न कठीण निघाला. "हे पुस्तक मूळ आहे का नक्कल?"

"प्रत आहे. तीनशे छापल्यात."

"म्हणजे नक्कल. मूळ कुठंय?"

मूळ सहा वह्यांत होतं, आणि वह्या सुषमाताईंनी रद्दीत दिल्या होत्या. कारकुनाने मान हलवली, मोनिकाने दिलेल्या पुस्तकावर शिक्का मारला आणि निशाणी चार म्हणून ते दाखल केलं. कादंबरीला एकाही वर्तमानपत्रात जागा मिळाली नव्हती. तिला पहिला क्रमांक मिळाला तो असा.

तहसीलदार धनश्री मॅडम पस्तिशीच्या होत्या. समोर एका बाजूला मोनिका आणि अनसाबाई, दुसऱ्या बाजूला मल्हार आणि त्याचे वकील. मल्हार आता साठीचा झाला होता. त्याने हौसरावांना ओळखीचा नमस्कार घातला. त्या नमस्कारात ओट्याची सावली होती.

वकील उठले. "मॅडम, ज्याला पुरावा म्हणतात त्या ग्रंथाचं पान एकशे नव्वद वाचतो. 'गोदावरी झाडाखाली उभी होती. तिच्या पूर्वेस ओढा, पश्चिमेस बाभळ, उत्तरेस बांध व दक्षिणेस जयसिंग होता. दोघांमधील अंतर अंदाजे दीड फूट. ते हळूहळू कमी होत गेल्याचे दिसून आले.'"

कचेरीत हसू फुटलं. दाराशी उभा शिपाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला. हे वाक्य लिहून झालं होतं त्या दिवशी हौसराव समाधानाने दोन चपात्या जास्त जेवले होते. आता ते जमिनीकडे बघत राहिले.

"ही कल्पना आहे," वकील म्हणाले. "याउलट याच गृहस्थांनी शासकीय कर्तव्य म्हणून केलेला पंचनामा म्हणतो, 'समक्ष फिरून पाहणी केली, रस्ता नाही.' एक माणूस, एक गट, दोन लेख. खरा सरकारी मानायचा की करमणुकीचा?"

"करमनूक कसली?" मोनिका ताडकन म्हणाली. "शेवटच्या पानावर बघा की. खरा व बरोबर लिवलंय."

"थांबा," धनश्री मॅडम म्हणाल्या आणि हौसरावांकडे वळल्या. "कोळपे, मी पुस्तक पूर्ण वाचलं आहे."

खरं तर ही वेळ नव्हती. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कसलीही बंदी न शोधता ते पुस्तक वाचलेलं माणूस हौसरावांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कसं वाटलं?"

"तो मुद्दा आज समोर नाही," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही कागदांवर तुमची सही आहे. दोन्हींत तुम्ही खरं आणि समक्ष म्हणता. कल्पित कुठलं, ते सांगा."

'कल्पना' हा शब्द जिभेवर तयार होता. आरशासमोर घोटून आणलेला होता. हौसरावांनी बाजूला पाहिलं. अनसाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतीच. ती पुन्हा त्यांच्या पायांकडे बघत होती, एखाद्याचं जुनं दुखणं आठवून बघावं तसं.

"पुस्तकातला रस्ता खरा आहे," हौसराव म्हणाले. "तलाठी काल्पनिक आहे. मी तसा नव्हतो."

"आणि पंचनामा?"

"तो मी ह्यांच्या ओट्यावर बसून लिहिला. जागेवर गेलो नाही."

"कुणाच्या दबावाखाली?"

इथे एखादा दबाव असता तर फार बरं झालं असतं. माणसाला दबावाखाली वाकण्यातसुद्धा थोडी इज्जत असते. हौसरावांनी आठवून पाहिलं. मल्हारने त्या दिवशी त्यांना पाण्याशिवाय काही विचारलं नव्हतं.

"दबाव नव्हता. पायाला फोड आला होता."

या वेळी कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

"'फोड' असंच घेऊ का, मॅडम?" जबाब टिपणाऱ्या कारकुनाने विचारलं.

"घ्या."

"कुठल्या पायाला?"

"डाव्या," हौसराव म्हणाले. "टाचेच्या वर. नव्या चपलेचा." अर्धवट नोंद त्यांना अजूनही सहन होत नव्हती.

*

पुढच्या आठवड्यात मॅडम स्वतः स्थळपाहणीला आल्या. हौसरावांना पंच म्हणून बोलावलं होतं. ते जुन्या, मऊ पडलेल्या चपला घालून गेले. वेशीपासून दीड किलोमीटर, उन्हातून, सगळ्यांच्या मागे. अनसाबाई काठी टेकत त्यांच्याबरोबर चालत होती.

"पोरीनं पुस्तक वाचून दावलं मला," ती म्हणाली. "तलाठी लई उंच हाय त्यात."

"व्हय," हौसराव म्हणाले. तिच्याशी बोलताना त्यांची शिरूरची शहरी भाषा आपोआप गळून पडली होती.

"मला आपलं वाटलं, तुमच्यामागनं बदलून आल्याला दुसरा कुनी आसंल."

लिंबापर्यंत हौसराव आपल्या चपलांकडे बघत चालले.

उसाच्या सऱ्यांमध्ये लिंब उभा होता. ऊस बाजूला सारल्यावर बांधालगत रस्त्याचा जुना मुरूमही सापडला. मॅडमनी पाहणी केली आणि पुढच्या गावाच्या मीटिंगला निघून गेल्या. कारकुनाने पिशवीतून कोरे कागद काढले. "या मंडळी, सह्या करून घ्या. ऊन फार आहे. मजकूर मी कचेरीत बसून नीट लिहितो."

चार पंचांनी सह्या केल्या. पेन हौसरावांकडे आलं.

"लिहा आधी," ते म्हणाले.

"आबा, तुम्ही आमच्याच खात्यातले. पद्धत माहीत आहे तुम्हाला."

"माहीत आहे म्हणूनच. लिहा."

कारकुनाने गुडघ्यावर कागद ठेवून, घाम टिपत लिहायला घेतलं. पंच वैतागले. मल्हार बांधावर उकिडवा बसून तंबाखू मळत म्हणाला, "भाऊसाहेब, बावीस वर्सांमागं एवढं उनात उभं ऱ्हायला असता, तर माज्या उसाची लागण तरी वाचली असती की वो." मोनिका हसली. अनसाबाईही हसली. हौसरावांना हसता आलं नाही.

"'रुंदी अंदाजे आठ फूट'," कारकुनाने वाचलं.

"अंदाजे कशाला? मोजा," हौसराव म्हणाले.

फीत लावली. सात फूट नऊ इंच भरली.

"म्हंजी पुस्तकात बी चूकच हाय," मोनिका म्हणाली.

पंधरा दिवसांत रस्ता खुला करण्याचा आदेश निघाला. पाठोपाठ हौसरावांना पत्र आलं: चुकीच्या पंचनाम्याबाबत लेखी खुलासा सादर करावा. ते नवी वही घेऊन टेबलाशी बसले, तशा सुषमाताई दारातूनच म्हणाल्या, "दुसरी कादंबरी नको. चार ओळी लिहा." त्यांनी चार ओळी लिहिल्या. त्यात एकही विशेषण आलं नाही. सुषमाताईंनी वाचल्या आणि प्रथमच म्हणाल्या, "हे बरं लिहिलंय."

मग हौसरावांनी पलंगाखालचे गठ्ठे ओढून काढले, अठरा घरांतून वाटलेल्या प्रतीही 'दुरुस्तीसाठी' म्हणून परत मागून आणल्या आणि प्रत्येक प्रतीचं शेवटचं पान उघडून दुरुस्ती करायला बसले. खात्याच्या नियमाप्रमाणे खाडाखोड झाली की शेजारी छोटी सही लागते. त्यांनी प्रत्येक ठिकाणी ती केली. आता तिथे असं आहे: 'सदरचा मजकूर वाचून पाहिला, तो फक्त रस्त्यापुरता खरा आहे. रुंदी सात फूट नऊ इंच वाचावी.'

एक प्रत तेवढी राहिली. ती पिंपळटेकच्या वाचनालयाची, निशाणी चार म्हणून कचेरीच्या दप्तरात कायमची जमा आहे. ती दुरुस्तीला मिळावी म्हणून हौसरावांनी दोनदा अर्ज केला. दाखल पुराव्यात फेरफार करता येत नाही, असं उत्तर आलं, आणि ते नियमाला धरूनच होतं. तेव्हा तिच्यात तलाठी अजून पाच फूट अकरा इंच आहे, आणि भर वैशाखात बांधाबांधाने चालतो आहे.